मागच्या खोलीतला ताप

"माई, तुम्ही आत जा. मी तिकडून येत नाही."

मी फाटकाशीच उभी होते. जानेवारीतली दुपार होती, ऊन चांगलं पडलं होतं, तरी माझे दात वाजत होते. माझ्या सासूबाई पोर्चमध्ये खुर्ची टाकून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"काहून? काय झालं?"

"ताप आहे मला. शाळेत निम्मा वर्ग खोकून राहिला आहे. मी बोळातून मागच्या खोलीत जाते."

"अन् जेवली का तू?"

"माई, आत जा म्हटलं ना."

माझा आवाज चढला. तो चढला की त्या पुढे बोलत नसत. त्यांनी सूप उचललं, हळूहळू आत गेल्या आणि कडी लागल्याचा आवाज आला. मग मी फाटक उघडलं.

आमचं अमरावतीचं घर लहानच. पुढे हॉल, मधे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे अंगणाला लागून एक खोली. तिला अंगणात उघडणारं एक दार आणि घरात उघडणारं दुसरं. माझी मुलगी पुण्याला होस्टेलवर गेल्यापासून तिथे तिची पुस्तकं, गव्हाची कोठी आणि एक लोखंडी पलंग एवढंच होतं. न्हाणीघर अंगणातच. मी घरातल्या बाजूच्या दाराला कडी घातली, पलंगावरची पुस्तकं खाली ठेवली आणि चादर न घालताच आडवी झाले. डोळे मिटता मिटता मनात आलं ते चांगलं नव्हतं. मनात आलं, आता काही दिवस तरी मला कुणी उठवणार नाही.

माई तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. जुना दमा होता, रोज पंप घ्यावा लागे. आदल्या हिवाळ्यात साध्या सर्दीचा न्यूमोनिया झाला आणि त्यांना ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. मोठे डॉक्टर फाइल चाळत म्हणाले होते, "यांना दोन-चार दिवस आधी आणायला हवं होतं. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. खरंच आलं नव्हतं. मी सकाळी शाळेत जायची ती संध्याकाळी यायची. तेव्हा त्या पांघरूण घेऊन पडलेल्या असत, आणि माझे सासरे, आबा, सांगत, "थंडीनं पडली जराशी."

सर्दी आली कुठून, असं मी विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "माझ्याचपासून आली असंल. बागेतल्या मंडळीत दोघं-तिघं खोकत होते."

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून आबांचं सकाळचं फिरणं कधी चुकलं नव्हतं. बागेत त्यांच्यासारखेच सात-आठ जण जमत. फिरणं कमी आणि बाकावरच्या गप्पाच जास्त. त्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी आबांना जे बोलले, ते मी वर्गातल्या पोरालाही कधी बोलले नव्हते. आजूबाजूचे लोक वळून बघत होते. आबा भिंतीला टेकून उभे होते.

माई वाचल्या. पण घरी आल्या त्या अर्ध्या होऊन आल्या. आणि मी ठरवलं की आता पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

पुढची थंडी लागायच्या आत दोघांना फ्लूची लस टोचून आणली. पाहुण्यांना यायच्या आधी विचारायला सुरुवात केली, घरात कुणाला सर्दी नाही ना. शाळेतून आले की आधी साबणानं हात, मग साडी बदलायची, मगच त्यांच्या खोलीत. सकाळी वाफ, रात्री हळदीचं दूध, कानाला रुमाल. माईंना बाहेर जाणं बंद आणि आबांची बाग बंद. त्यांना मी दिवाळी झाल्यावर सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. मग ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायला लागले. सकाळी बसत ते जेवायलाच उठत. त्यांचे पाय बारीक झाले, चालताना ते भिंतीला हात लावायला लागले. मी म्हटलं, वयच झालं.

हे सगळं मी एकटी करत होते. संजीव, माझा नवरा, कोरब्याला वीज केंद्रात होता. दोन-अडीच महिन्यांनी येई, आला की दोन दिवस झोपे. शाळा, स्वयंपाक, औषधं, वाणसामान, दवाखाना. मी थकले आहे, हे मला कुणी विचारलं असतं तरच कळलं असतं.

त्याच दिवशी संध्याकाळी संजीवचा फोन आला.

"रजा टाकून बघतो. पण युनिट बंद केलंय दुरुस्तीला, लगेच सोडणार नाहीत. कल्पनाला विचारलं. तिची दोन्ही लेकरं खोकून राहिलीत."

कल्पना म्हणजे माझी वर्ध्याची नणंद. माई-आबांना तिच्याकडे पाठवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

"मग यांचं कोण करेल?" मी विचारलं.

तेवढ्यात दाराच्या पलीकडून आबांचा आवाज आला. ते बहुधा बराच वेळ तिथे उभे असावेत. "आम्ही आहोत ना. तू कशाला त्याला बोलावतेस?"

"आबा, तुम्ही दारापासून लांब व्हा."

"झालो."

पण पावलं काही वाजली नाहीत.

"तुम्हाला साधा चहा येत नाही, आबा."

"माईला येतो ना. ती खुर्चीवर बसून सांगंल, मी करतो."

मी पुढे काही बोलणार होते, पण खोकल्यानं बोलू दिलं नाही.

आबा आयुष्यात कधी स्वयंपाकघरात गेले नव्हते. पाणीसुद्धा मागून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडल्या पडल्या ऐकत होते. भांडी पडण्याचे आवाज, माईंची अडखळत चाललेली शिकवणी.

"तेल तापू द्या ना आधी."

"तापलं."

"कुठं तापलं? मोहरी तडतडली का?"

"मोहरी कोणती यातली?"

मग माईंचं हसू, आणि हसण्यामागून दम. मी उठून दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला. पण माझ्या अंगात ताप होता. त्या दारातून आत गेले असते तर वर्षभर सांभाळलेलं सगळं मीच मोडलं असतं. मी परत येऊन पडले.

आबांनी खिचडीचं ताट अंगणातल्या पायरीवर ठेवलं आणि खिडकीवर टकटक करून लांब जाऊन उभे राहिले. खिचडी खाली लागली होती, मीठ दोनदा पडलं होतं. मी सगळी खाल्ली. कुणीतरी वाढलेलं ताट समोर आलं होतं, याचंच मला इतकं वाटलं की चव नंतर कळली.

तसे दोन-तीन दिवस गेले. मी झोपायची, उठायची, गोळी घ्यायची, पुन्हा झोपायची. दुपारी ऊन अंगणात आलं की आबा माझे कपडे बादलीत घालून जात, मी मागाहून जाऊन पिळायची. एकदा ते म्हणाले, "पोळ्या नाही जमत मला. भाकरी थापून पाहू का?" मी नको म्हटलं. त्यांनी पाहिलीच. ती भाकरी कुणी खाल्ली, मला माहीत नाही.

मग एका सकाळी दारावर वाजलं.

"वैजू, मी माईला घेऊन बोबडे डॉक्टरांकडे चाललो."

मी ताडकन उठून बसले. "काय झालं?"

"पहाटेपासून खोकते. श्वास नेहमीपेक्षा भरभर आहे. अंग गरम लागते."

"कधीपासून? काल होता का खोकला?"

"काल नव्हता. आजच सुरू झाला."

"थांबा, मी शेजारच्या गजाननला फोन करते. तो गाडी काढेल."

"तो ड्यूटीवर गेला. चौकात ऑटो असते."

"आबा, चौकापर्यंत तुमच्यानं होणार नाही. कितीतरी दिवसांत तुम्ही फाटकाबाहेर गेला नाहीत."

"नाही गेलो," ते शांतपणे म्हणाले. "आज जातो."

मी खिडकीशी गेले. तिथून बोळ आणि बोळाच्या तोंडाशी रस्त्याचा तुकडा दिसे. ती दोघं त्या तुकड्यात आली. माईंच्या डोक्यावरून शाल, तोंडाला रुमाल. आबांनी एका हातानं त्यांचा दंड धरला होता, दुसरा हात समोरच्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर. चार पावलं चालून माई थांबल्या. आबाही थांबले. कोण कुणाला सावरतंय ते सांगता आलं नसतं. मी गज धरून उभी होते. धावत जाऊन त्यांच्यामध्ये शिरावं, एकेका हाताला एकेकाला धरावं, असं वाटत होतं. मग माई पुन्हा चालायला लागल्या आणि दोघं दिसेनाशी झाली.

घर रिकामं झालं. माझ्या लग्नापासून त्या घरात मी कधी एकटी राहिले नव्हते. दवाखान्याचा फोन लागत नव्हता. मी पलंगावर बसले, उठले, पुन्हा बसले. आदल्या वर्षीचा तो व्हरांडा डोळ्यांपुढून हलेना. या वेळी त्यांना ऑक्सिजन लागला तर सही करायलाही मी तिथे नव्हते. आबा चष्मा घरीच विसरले असतील, असं उगाचच वाटायला लागलं.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा फाटक वाजलं. दोघांची पावलं होती.

"आबा?"

"आलो. घरीच ठेवा म्हणाले."

"नीट सांगा."

"फ्लूच आहे. पण छाती साफ आहे अजून. गोळ्या दिल्या, पंप वाढवला. वाफ द्या, पाणी पाजा, श्वास वाढला तर लगेच आणा म्हणाले. लस टोचली होती त्याचाही उपयोग होईल." ते दम घ्यायला थांबले. "वेळेवर आणलं म्हणाले."

माझ्या गालांवरून पाणी ओघळलं. त्यांना ते दिसत नव्हतं, म्हणून मी पुसलंही नाही. आणि का कोण जाणे, त्या सुटकेतूनच मला राग आला.

"मग मागच्या वर्षी का नाही नेलं असं वेळेवर? तेव्हाही तुम्ही घरातच होतात ना? तेव्हा कळत नव्हतं तुम्हाला?"

पलीकडे गोळ्यांची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आबा?"

"तू पड जरा," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांची पावलं लांब जाताना मला ऐकू आली.

माईंचा ताप हळूहळू उतरला. खोकला राहिला, पण श्वास जागेवर आला. माझाही ताप गेला होता. तरी घसा पुरता मोकळा होईपर्यंत मी खोलीतच राहायचं ठरवलं होतं. एका दुपारी माईंनी आबांकडून प्लास्टिकची खुर्ची अंगणात आणवली आणि माझ्या खिडकीपासून लांब, तुळशीपलीकडे उन्हात येऊन बसल्या. अंगावर दोन शाली. आबा आत झोपले होते.

"यांनी तुला सांगितलं नसंल," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सांगणारही नाहीत. मागच्या वर्षीची सर्दी यांनी नव्हती आणली."

मी खिडकीशी आले.

"मी इंदूकडे गेली होती," माई म्हणाल्या.

इंदूताई राऊत ही त्यांची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वस्तीत आलेल्या. त्या हिवाळ्यात इंदूताई अंथरुणाला खिळल्या होत्या, छातीत कफ भरला होता. माईंना जायचं होतं. मी म्हटलं होतं, थंडी सरू द्या, मग मीच घेऊन जाईन. माई हॉस्पिटलमध्ये असतानाच इंदूताई गेल्या होत्या, आणि ती बातमी आम्ही माईंना घरी आल्यावर सांगितली होती.

"तू म्हणाली, थंडी सरू द्या. पण इंदूची थंडी सरणार नव्हती ना. तू शाळेत गेल्यावर यांनी ऑटो आणली. तासभर बसली मी तिच्यापाशी. ती हात सोडेना." त्यांनी शाल सारखी केली. "मग दोन-तीन दिवसांत माझा घसा धरला. हे म्हणत होते, वैजूला सांगू. मी म्हटलं, नका सांगू, ती ओरडंल. उद्या बरं वाटंल. मग उद्याही तसंच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. मग सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं."

"आणि आबा म्हणाले, बागेतून आली."

"माझं काय जातं, मी ऐकून घेतो, म्हणाले."

मला व्हरांड्यातली भिंत आठवली, आणि तिला टेकलेले ते. मग पुढचं सगळंच आठवलं. खिडकीतली खुर्ची, बारीक झालेले पाय.

"एवढं भीत होतात मला?"

माई उन्हात आपले हात उलटसुलट करून बघत होत्या.

"तू वाईट नाहीस गं. दमलेली असतेस. तुझा चेहरा पाहिला की वाटते, आता आपलं आणखी एक कशाला टाकायचं हिच्यावर. अन् तुझा आवाज…" त्या थांबल्या. "दमलेल्या माणसाला काही सांगायची भीती वाटते."

"मग या वेळी?"

"या वेळी तू आत होती. दाराला कडी होती." त्या अगदी साधेपणानं बोलत होत्या, जणू भाजीचा भाव सांगत होत्या. "कुणाला विचारायचं नव्हतं. यांनी माझा खोकला ऐकला अन् म्हणाले, उठ, चल."

वर्षभर मी जे दार लावून धरलं होतं, त्याच्या आत मी त्यांना ठेवलं होतं की त्यांच्या वाटेत उभी होते, हे मला त्या खिडकीतून नीट दिसेना. एवढंच दिसत होतं की मागच्या वर्षी उशीर झालेल्या ज्या दोन-चार दिवसांबद्दल डॉक्टरांनी मला विचारलं होतं, ते गेले कुठे हे मला आज कळलं होतं.

"इंदूताई काय बोलल्या?" मी शेवटी विचारलं.

माईंचा चेहरा बदलला. "काही नाही. म्हणाली, बाई, तू जाडी झाली."

आम्ही दोघी हसलो. हसल्यावर दोघींनाही खोकला आला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मला वाटलं होतं, मी खोलीबाहेर आले की सगळं एकदम बदलेल. तसं झालं नाही. मी आबांना म्हटलं, "उद्यापासून बागेत जात जा. ऊन निघाल्यावर. कुणी खोकत असेल तर दुसऱ्या बाकावर बसा." ते म्हणाले, "पाहू." दुसऱ्या दिवशी ते खिडकीतच बसले. त्याच्या पुढच्या दिवशीही. माझ्या एका वाक्यानं गेलेलं माझ्या एका वाक्यानं परत येणार नव्हतं. एके दिवशी शाळेतून आले तर खुर्ची रिकामी होती. मी काही विचारलं नाही. ते आले, आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. संध्याकाळची खिचडी करायचं काम मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. मीठ कधी प्रमाणात पडलं नाही.

संजीव फेब्रुवारीत आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "फोनवर मीपण आधी तुझा आवाज ऐकतो. मग ठरवतो, काय सांगायचं ते." मला रडू यायला हवं होतं. मी म्हटलं, "मग सकाळच्या पोळ्यांना बाई लाव. आणि महिन्यातून एकदा ये." त्यानं बाई लावली. येणं दर महिन्याला जमलं नाही.

माझा आवाज तर अजूनही चढतो. त्या वर्षीही चढत होता, आणि चढला की घरातली दोघं पूर्वीसारखीच गप्प होत. मी मधेच थांबायची, पण तोवर उशीर झालेला असे.

मग पुढची थंडी आली. डिसेंबरातली सकाळ होती. शाळेत तपासणी होती आणि मला उशीर झाला होता. मी एका हातानं डबा भरत होते, दुसऱ्या हातानं पदराला पिन लावत होते. माई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वैजू."

"काय हो? उशीर झालाय मला."

त्या वळल्या. दोन पावलं गेल्यासुद्धा. मग थांबल्या आणि परत दारात आल्या.

"कालपासून घसा खवखवून राहिला माझा," त्या म्हणाल्या. "परवा तू शाळेत गेल्यावर मागच्या गल्लीत तायड्यांकडे गेली होती. बाळ बघायला. तिथं मोठं लेकरू खोकत होतं."

परवा. न सांगता. या थंडीत. सगळं एकदम माझ्या तोंडाशी आलं. तोंड उघडलंही होतं. माई माझ्याकडे बघत होत्या. हॉलमध्ये आबांनी वर्तमानपत्र धरलं होतं, पण पान उलटत नव्हते.

मी डबा ओट्यावर ठेवला.

"मुलगा झाला की मुलगी?"

"मुलगी," माई म्हणाल्या. "केस एवढे दाट आहेत."

"स्वेटर घाला. मी शाळेत फोन करते, मग निघू. डॉक्टर यायच्या आधीच जाऊन बसलेलं बरं."